जर्मनीत पहिला पगार नीट हवा, तर आधी पत्रपेटीवर नाव हवं! 11 अंकी कर क्रमांक कसा मिळतो, कुठे अडतो?

नर्सिंग झालेल्या मुली, आयटीआय केलेले इलेक्ट्रिशियन, प्लंबर, अवजड वाहनांचे चालक. गेल्या काही वर्षांत ग्रामीण भागातूनही जर्मनीची वाट धरणाऱ्यांची संख्या वाढू लागली आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात सुरुवातीला 10 हजार तरुणांचं उद्दिष्ट ठेवण्यात आलं. त्याच वर्षी जर्मन सरकारने भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाला 20 हजारांऐवजी 90 हजार व्हिसा देण्याचं जाहीर केलं. त्यामुळे भाषेचे क्लास, एजंट, व्हिसाच्या तारखा हे सगळं आता पारावरच्या गप्पांतही ऐकू येतं.

या गप्पांत एक गोष्ट मात्र सहसा येत नाही, ती म्हणजे तिथला कर क्रमांक. आपल्याकडे जसं पॅन, तसा जर्मनीत 11 अंकी नंबर असतो. त्याला तिथे 'श्टॉयर-आयडी' म्हणतात. श्टॉयर म्हणजे कर. हा नंबर वेळेत हाती आला नाही तर पहिल्याच पगारातून कराची कपात जास्तीत जास्त दराने होऊ शकते. घरच्यांनी कर्ज काढून पोराला पाठवलेलं असतं, पहिल्या महिन्यात हप्ता सुरू झालेला असतो, आणि हातात येणारी रक्कम ठरल्यापेक्षा शेकडो युरोंनी कमी निघते. एक युरो साधारण शंभर रुपये धरला तरी हा फटका छोटा नाही.

अर्ज नाही, फी नाही, एजंटही नाही

पॅनसाठी अर्ज करावा लागतो. श्टॉयर-आयडीसाठी वेगळा अर्ज करावाच लागत नाही. परदेशी माणूस जर्मनीत राहायला आला आणि त्याने तिथल्या नगरपालिकेच्या कार्यालयात आपला पत्ता नोंदवला, की ती माहिती आपोआप केंद्रीय कर कार्यालयाकडे जाते. या कार्यालयाचं मुख्यालय बॉन शहरात आहे. तिथून नंबर तयार होतो आणि साध्या टपालाने घरच्या पत्त्यावर पत्र येतं. साधारण दोन ते चार आठवडे लागतात, गर्दीच्या काळात थोडे जास्त.

नंबरासाठी एक पैसाही लागत नाही. म्हणून 'जर्मन टॅक्स नंबर काढून देतो, इतके हजार द्या' असं इथे बसून कुणी सांगत असेल, तर तो फसवतोय एवढं ओळखावं. जर्मनीत नोकरीसाठी राहायला जाणाऱ्याला तिथे पत्ता नोंदवण्याआधी हा नंबर मिळतच नाही. भारतातून तो 'आगाऊ काढून' देणारी कुठलीही सेवा खरी नाही.

एकदा मिळालेला नंबर आयुष्यभर तोच राहतो. शहर बदललं, नोकरी बदलली, लग्न झालं, आडनाव बदललं, मधे पाच वर्षं गावी येऊन परत गेलं तरी तोच. जर्मनीत जन्मलेल्या तान्ह्या बाळालासुद्धा हा नंबर मिळतो, आणि नंतर तिकडे राहायला गेलेल्या बायको-मुलांनाही प्रत्येकाला स्वतंत्र मिळतो. त्या 11 अंकांत जन्मतारीख, राज्य, धर्म असं काहीही दडलेलं नसतं.

खरी मेख पत्त्यात आहे

इतकं सोपं असेल तर अडतं कुठे? खोलीवर.

जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. या नोंदणीला 'आनमेल्डुंग' म्हणतात. जर्मनीत पाय ठेवल्यावर हा शब्द रोज कानावर पडणार, त्यामुळे जाण्याआधीच पाठ केलेला बरा. नोंदणी केली नाही तर 1,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा मोठी अडचण ही, की आनमेल्डुंग नाही म्हणजे पत्र नाही आणि पत्र नाही म्हणजे नंबर नाही.

नोंदणीसाठी पासपोर्ट, व्हिसा, भरलेला फॉर्म आणि घरमालकाचं एक सहीचं पत्र लागतं. लग्न झालेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही मागू शकतात, म्हणून त्याचं प्रमाणित जर्मन भाषांतर सोबत असलेलं चांगलं. यात घरमालकाच्या पत्राला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. 'अमुक व्यक्ती अमुक तारखेला माझ्या घरात राहायला आली' असं त्यात लिहिलेलं असतं. त्याचं जर्मन नाव एका दमात म्हणता येत नाही इतकं लांब आहे: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नुसता भाडेकरार दाखवून चालत नाही, हेच पत्र लागतं. आणि घरमालकाने ते देणं त्याच्यावरही कायद्याने बंधनकारक आहे.

प्रत्यक्षात काय होतं? मोठ्या शहरांत खोल्यांची टंचाई आहे. स्वस्तात खोली मिळते, पण जाहिरातीत किंवा तोंडी बारीक आवाजात सांगितलेलं असतं, 'आनमेल्डुंग होणार नाही.' बहुतेकदा मूळ भाडेकरूने मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवलेला असतो. नवखा मुलगा म्हणतो, दोन-तीन महिनेच तर काढायचे आहेत. पण नेमके तेच दोन-तीन महिने महत्त्वाचे असतात. नंबर नाही, बँकेचं काम लटकलेलं, रेसिडेन्स परमिटसाठी गेलं की तिथेही पत्त्याचा दाखला मागतात. शंभर युरो भाडं वाचवायला जाऊन त्याच्या कितीतरी पट अडकतात.

यावर आपलेच काही लोक एक तोडगा सुचवतात. ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावर नोंदणी करायची आणि राहायचं दुसरीकडेच. हे करू नये. प्रत्यक्ष राहत नसलेल्या माणसाला नोंदणीसाठी पत्ता देणाऱ्याला 50 हजार युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. मदत करणारा मित्रच अडचणीत येईल. शिवाय सरकारी पत्रं त्या पत्त्यावर जात राहणार आणि ती वेळेवर हातात पडतीलच असं नाही.

म्हणून भाडं आणि अनामत पाठवण्याआधी घरमालकाला लेखी विचारायचा पहिला प्रश्न हाच: आनमेल्डुंगचं पत्र देणार का? कंपनी किंवा हॉस्पिटल हॉस्टेल देणार असेल तर हाच प्रश्न कंपनीला. उत्तर 'नाही' असेल किंवा टाळाटाळ होत असेल, तर ती खोली कितीही स्वस्त असली तरी सोडावी.

आणखी एक काम आधीच करता येतं. नगरपालिकेच्या या कार्यालयात भेटीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते, आणि मोठ्या शहरांत ती कधी कधी आठवड्यांनंतरची मिळते. घर पक्कं झालं असेल तर निघण्याआधी गावात बसून, मोबाइलवरूनच ही वेळ बुक करता येते.

पत्र आलं आणि परत गेलं

नोंदणी झाली, मालकाचं पत्रही दिलं, तरी नंबर येत नाही अशी तक्रार करणारे खूप असतात. कारण ऐकून गावाकडच्या माणसाला हसू येईल.

आपल्याकडे पोस्टमन गावात आला की नावावरून घर शोधतो. घर क्रमांक कुणाला माहीत नसला तरी 'अमक्याचा धाकटा' म्हटलं की पत्र पोचतं. जर्मनीत तसं नाही. तिथल्या इमारतीत खाली पत्रपेट्यांची रांग असते आणि प्रत्येक पेटीवर राहणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. बहुतेक पत्त्यांत फ्लॅट क्रमांक नसतोच, रस्ता आणि इमारतीचा क्रमांक झाला की पुढचं काम नावावर चालतं. पेटीवर नाव नसेल तर टपालवाला पत्र परत पाठवतो. तीन-चार मुलं मिळून राहतात, पेटीवर जुन्याच भाडेकरूचं नाव असतं आणि नव्या मुलाचं कर कार्यालयाचं पत्र गुपचूप परत गेलेलं असतं. हेच बँकेच्या कार्डाचं आणि आरोग्य विम्याच्या कार्डाचंही होतं.

उपाय अगदी साधा आहे. पहिल्या दिवशी कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी घेऊन पेटीवर आपलं आडनाव लावायचं, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगमध्ये.

स्पेलिंगवरून आणखी एक मुद्दा येतो. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत आहे आणि पासपोर्टवर बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. जर्मन कार्यालय ती दोन्ही मुलाचीच नावं समजून नोंदवतं. त्यात बिघडत काही नाही, फक्त नंतर बँक, विमा, नोकरी सगळीकडे तेच पूर्ण नाव तसंच लिहायचं. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळाच असतो, त्यांनी मात्र ते इथेच दुरुस्त करून घ्यावं. विवाहित स्त्रियांना तिथे जन्माच्या वेळचं आडनाव वेगळं विचारतात, तेव्हा माहेरचं नाव सांगायचं. कर कार्यालयाच्या पत्रावर नाव किंवा जन्मतारीख चुकलेली दिसली, तर दुरुस्ती बॉनला होत नाही. माहिती नगरपालिकेकडून गेलेली असते, त्यामुळे चूकही तिथेच सुधारावी लागते.

पत्र महिनाभरात आलं नाही तर जवळच्या कर कार्यालयात, म्हणजे 'फिनान्त्सआम्ट'मध्ये पासपोर्ट आणि पत्ता नोंदणीचा कागद घेऊन जावं. नंबर तयार झालेला असेल तर तिथून तो कळू शकतो. केंद्रीय कार्यालयाच्या वेबसाइटवरही विनंती करता येते, पण उत्तर पुन्हा टपालानेच येतं. हा नंबर ते फोनवर किंवा ई-मेलवर सांगत नाहीत. 'तुमचा कराचा परतावा मंजूर झाला, इथे क्लिक करा' असे बनावट मेल जर्मनीतही फिरतात, त्यांना उत्तर देऊ नये.

नंबर नसेल तर पगाराचं काय होतं?

जर्मनीत पगारदारांचे सहा कर वर्ग आहेत. अविवाहित माणूस वर्ग 1 मध्ये येतो. ज्याची बायको किंवा नवरा भारतातच आहे, तोही सुरुवातीला वर्ग 1 मध्येच धरला जातो. जोडीदार तिकडे राहायला आला आणि त्याची नोंदणी झाली की वर्ग बदलतो. वर्ग 6 हा खरं तर दुसऱ्या नोकरीसाठी ठेवलेला आहे. त्यात करमाफीची मर्यादा मिळत नाही, जवळजवळ पहिल्या युरोपासून कर कापला जातो.

मालक कर्मचाऱ्याचा श्टॉयर-आयडी आणि जन्मतारीख टाकून सरकारी यंत्रणेतून त्याचा कर वर्ग घेतो. नंबरच नसेल तर वर्ग कळणार कसा? कर्मचाऱ्याचा दोष नसताना, म्हणजे नंबर अजून टपालातच असताना, मालकाला जास्तीत जास्त तीन महिने अंदाजाने योग्य वर्ग धरून पगार देता येतो. पण कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे, नोंदणी न करता बसल्यामुळे नंबर मिळाला नसेल, तर वर्ग 6 लागतो.

एक उदाहरण घेऊ. आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायला गेलेल्या मुलीला महिना 1,200 युरो विद्यावेतन आहे. वर्ग 1 मध्ये तिला पगारावरचा कर शून्य. वर्ग 6 लागला तर महिन्याला शंभर युरोंच्या वर कर जाईल. पेन्शन आणि आरोग्य विम्याची कपात दोन्हीकडे वेगळी असतेच. पूर्ण पगाराच्या नोकरीत हा फरक आणखी मोठा.

जास्तीचा कर कायमचा बुडत नाही, हे खरं. नंबर मिळाल्यावर मालक पुढच्या पगारात हिशेब सुधारू शकतो, किंवा वर्ष संपल्यावर कर विवरणपत्र भरून परतावा घेता येतो. पण हप्ता तर या महिन्यात भरायचा असतो ना! म्हणून पहिल्या पगाराआधी कामाच्या ठिकाणी पगार बघणाऱ्या माणसाला 'नोंदणी केली आहे, पत्र यायचं आहे' असं नोंदणीच्या कागदासह लेखी कळवून ठेवावं. तीन महिन्यांची सवलत माहीत असेल तर मागता येते.

परताव्याच्या बाबतीत नव्याने गेलेल्यांचा एक फायदा असतो. जर्मनीत वर्षाला 12,096 युरोपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे. हा आकडा 2025 चा, 2026 साठी तो 12,348 आहे. ही वर्षभराची मर्यादा आहे. सप्टेंबरमध्ये नोकरीला लागलेल्याच्या पगारातून मात्र दर महिन्याला तो वर्षभर तेवढाच कमावतो असं धरून कर कापतात. त्यामुळे पहिल्या वर्षाचं विवरणपत्र भरलं तर बहुतेकदा पैसे परत मिळतात. त्याच वर्षी भारतात मिळालेला पगार मात्र त्यात दाखवावा लागतो, कारण कराचा दर ठरवताना तो मोजतात. म्हणून इथल्या पगाराच्या स्लिपा फेकू नयेत. विवरणपत्र भरण्याची सक्ती नसेल तर ते चार वर्षांपर्यंत मागचंही भरता येतं. म्हणजे 2025 चं 31 डिसेंबर 2029 पर्यंत. सरकारचं 'एल्स्टर' नावाचं पोर्टल त्यासाठी फुकट आहे.

तीन नंबर, तीन कामं

घोळ होतो तो नावांमुळे. श्टॉयर-आयडीशिवाय 'श्टॉयरनुमर' नावाचा आणखी एक नंबर असतो. तो स्थानिक कर कार्यालय विवरणपत्र भरल्यावर किंवा स्वतःचा धंदा सुरू केल्यावर देतं आणि दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत राहायला गेलं की तो बदलतो. नोकरी करणाऱ्याला सुरुवातीला त्याची गरज नसते. तिसरा सामाजिक विम्याचा, म्हणजे पेन्शनचा नंबर. त्यात जन्मतारीख आणि जन्माच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. तो नोकरी लागल्यावर आरोग्य विमा कंपनीमार्फत येतो. मालकाने 'टॅक्स नंबर' मागितला तर त्याला 11 अंकी श्टॉयर-आयडीच हवा असतो.

गावातल्या आई-वडिलांनी काय लक्षात ठेवायचं?

मुलगा तिकडून घरी पैसे पाठवणार. गरजू आई-वडिलांना पाठवलेल्या पैशांवर जर्मनीत काही प्रमाणात कर सवलत मागता येते. भारतातल्या पालकांसाठी तिची मर्यादा जर्मनीतल्या रकमेच्या एक चतुर्थांश आहे, म्हणजे 2025 साठी वर्षाला 3,024 युरोपर्यंत. भाऊ-बहिणीला पाठवलेले पैसे यात बसत नाहीत. आई-वडिलांचं स्वतःचं उत्पन्न वजा होतं, आणि कमावण्याच्या वयाचे धडधाकट पालक किंवा सात-बाऱ्यावर मोठं क्षेत्र असलेले पालक गरजू धरले जाणं अवघड असतं.

2025 पासून मात्र एक अट पक्की झाली आहे. पैसे बँकेतून, पालकांच्या स्वतःच्या खात्यावर गेलेले हवेत. गावी येणाऱ्या मित्राच्या हातून रोख पाठवलेले किंवा थोरल्या भावाच्या खात्यावर टाकलेले पैसे धरत नाहीत. आईच्या नावावर चालू खातं नसेल तर मुलगा जाण्याआधीच उघडून घेतलेलं चांगलं.

दुसरी गोष्ट इथल्या बँकेची. नोकरीसाठी परदेशी राहायला गेलेल्या माणसाचं साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलावं लागतं. त्या वेळी बँक एका फॉर्मवर 'कोणत्या देशात कर भरता आणि तिथला कर क्रमांक काय' असं विचारते. त्या रकान्यात हाच 11 अंकी नंबर लिहायचा. भारत आणि जर्मनी बँक खात्यांची माहिती एकमेकांना देतात, त्यामुळे रकाना मोकळा सोडून किंवा चुकीचा भरून काही लपत नाही. पॅनही रद्द होत नाही, तो चालूच राहतो. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे.

नंबर असलेलं पत्र पातळ, साध्या कागदाचं असतं. त्यावर शिक्का-बिक्का काही नसतो, त्यामुळे कुणी जाहिरात समजून टाकूनही देतं. त्याचा लगेच फोटो काढून घरच्यांकडेही एक प्रत ठेवावी. आणि नोकरी सोडून कायमचं परत यायचं ठरलं तर निघण्याच्या आठवडाभर आधीपासून त्याच नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता रद्द करता येतो. त्याचा कागद मिळतो, तोही जपावा: विमा, भाड्याचे करार आणि मोबाइलचं कनेक्शन बंद करताना तोच दाखवावा लागतो.